घाटाचा चढ आणि रोजचं धावणं

साताऱ्यात पहाटे धावायला निघालेल्या माणसाला सपाट रस्ता शोधावा लागतो. दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, आणि मधल्या गल्ल्याही कुठे चढणाऱ्या, कुठे उतरणाऱ्या. २०१२ साली इथे सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि तोच घाट उतरून परत यायचं, असा तिचा सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग. २०१५ साली एका डोंगरावर एकाच वेळी सर्वाधिक माणसं धावल्याची नोंद या स्पर्धेच्या नावावर गिनेस बुकात झाली. पण स्पर्धा वर्षातून एकदा येते. बाकीच्या दिवसांत, पाऊस कोसळत असताना, शेतात सुगी चालू असताना, घरात लग्नकार्य असताना हा घाट कोण आणि कसा धावतो, हे मला त्या स्पर्धेहून मोलाचं वाटतं.

सह्याद्रीच्या पट्ट्यात कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे पाच-साडेपाचला गेलात तर धावणारी पोरं दिसतात. बहुतेक जण पोलीस भरतीची किंवा सैन्यभरतीची तयारी करत असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर ठरावीक वेळेत पळावं लागतं, म्हणून सगळा जीव त्या मिनिटा-सेकंदांत अडकलेला. अशी कित्येक पोरं वर्ष-दोन वर्षं जीव तोडून धावतात आणि भरती झाली की, किंवा वय उलटून गेलं की, कायमची थांबतात. तिशी-चाळिशीत डॉक्टरांनी सांगितलं म्हणून बूट विकत घेणाऱ्यांची गतही फारशी निराळी नसते. पहिले दोन आठवडे जोर, मग गुडघा, मग पाऊस, मग बूट माळ्यावर.

या थांबण्याचं खापर आळसावर फोडायची आपल्याकडे रीत आहे. मला ते पटत नाही. डोंगराळ भागात नेम मोडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या मापामुळे. सपाट मैदानासाठी केलेलं माप आपण घाटाला लावतो. रोज पाच किलोमीटर, किलोमीटरला सहा मिनिटं, असा संकल्प सोडतो. घाट तो संकल्प तिसऱ्या दिवशी मोडून टाकतो, आणि आपण स्वतःला नालायक ठरवून घरी बसतो. माप बदललं तर तोच घाट वर्षानुवर्षं साथ देतो.

चढावर शरीराला नेमकं किती जास्त लागतं, हे २००२ साली आल्बेर्तो मिनेत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजलं. डोंगरात धावणाऱ्या कसलेल्या धावपटूंना त्यांनी ट्रेडमिलवर वेगवेगळ्या चढ-उतारांवर चालवलं, पळवलं आणि त्यांच्या श्वासातला ऑक्सिजन तपासला. सपाटीवर धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे दर मीटरला साधारण साडेतीन ज्यूल ऊर्जा लागते. १० टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना दहा मीटर वर चढायचं असेल तर, हा आकडा सहाच्या जवळ जातो. दीडपटीहून जास्त. घाटातल्या अवघड वळणावर रस्ता एवढा चढ सहज घेतो. तिथे सपाटीचा वेग धरून ठेवायचा हट्ट केला की हृदयाला आणि फुप्फुसांना एकदम दीडपट काम पडतं, छाती भरून येते आणि दोन वळणांत माणूस कमरेवर हात ठेवून उभा राहतो.

उतारावर ऊर्जा कमी लागते हे कुणीही सांगेल. मिनेत्तीच्या मोजणीत १० टक्के उतारावर ती सपाटीच्या साठेक टक्क्यांवर येते आणि २० टक्क्यांच्या आसपास सर्वांत कमी होते. उतार त्याहून तीव्र झाला की खर्च पुन्हा वाढू लागतो, कारण आता स्नायूंना शरीर आवरून धरण्यासाठी राबावं लागतं. यातून एक हिशेब निघतो, आणि तो घाटात धावणाऱ्या प्रत्येकाने मनात पक्का करावा. चढावर जेवढं गमावलं तेवढं उतारावर परत मिळत नाही. जाताना चढ आणि येताना तोच उतार धरला, तरी एकूण खर्च तेवढ्याच सपाट अंतरापेक्षा जास्तच भरतो. मैदानावर पाच किलोमीटर धावणारा घाटात चार किलोमीटरवर दमला, तर त्याची तब्येत उतरलेली नसते. त्याने काम तेवढंच केलेलं असतं.

मग मोजायचं काय? डोंगरातल्या माणसांनी याचं उत्तर कधीच दिलेलं आहे. आपल्याकडे एखाद्या वाडीवरच्या म्हाताऱ्याला पुढचं गाव किती लांब आहे विचारलं तर तो किलोमीटर सांगत नाही. अर्ध्या तासाची वाट आहे, ऊन व्हायच्या आत पोचाल, असं सांगतो. स्कॉटलंडमधल्या विल्यम नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली याच समजुतीचा नियम करून ठेवला. तीन मैल चालीला एक तास धरायचा आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास मिळवायचा. मीटरमध्ये मांडलं तर शंभर मीटर चढाई म्हणजे सुमारे आठशे मीटर सपाट चाल. नियम चालणाऱ्यांसाठी आहे, पण धावणाऱ्यालाही ढोबळ अंदाजाला पुरतो. तुमच्या रोजच्या वाटेत दोनशे मीटर चढ असेल तर तिच्यात दीडेक किलोमीटरची भर घालून विचार करा.

नेमासाठी मात्र एवढ्या गणिताचीही गरज नाही. मिनिटं धरा. आज चाळीस मिनिटं बाहेर राहायचं, एवढंच ठरवा. चढ जास्त लागला तर अंतर कमी होईल, मुरमाची सोपी वाट लागली तर जास्त होईल. चाळीस मिनिटं चाळीसच राहतात. घाट चढून परत यायचं असेल तर पंचवीस मिनिटं वर आणि उरलेल्यात खाली, अशी वाटणी सहसा जमते. वाऱ्यातही मिनिटं चालतात, चिखलातही चालतात, आदल्या रात्री झोप कमी झालेली असतानाही चालतात. किलोमीटर आणि वेग या दोन्ही गोष्टी अशा दिवशी माणसाला हरवतात.

मिनिटांच्या जोडीला दुसरं माप हवं ते जोराचं. त्यासाठी छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधायची सक्ती नाही. शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर स्वतःशी मोठ्याने बोलून पाहा. वाक्य मध्येच तुटायला लागलं तर पाऊल आखूड करा, तरी तुटतंच असेल तर चाला. आठवड्यातले बहुतेक दिवस याच जोरात गेले पाहिजेत. भरतीच्या पोरांची इथेच गल्लत होते. रोजचा दिवस परीक्षेसारखा पळायचा, रोज घड्याळ लावायचं, यात शरीराला भरून निघायला वेळच मिळत नाही.

चालण्याबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण धावताना चालावं लागलं की अनेकांना कमीपणा वाटतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात रॉजर क्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार तीव्र चढांसाठी खास ट्रेडमिल वापरून याचा अभ्यास केला. चढ साधारण १६ अंशांच्या पुढे गेला की त्याच वेगाने वर जाण्यासाठी धावण्यापेक्षा चालायला कमी ऊर्जा लागते, असं त्यांना आढळलं. १६ अंश म्हणजे शंभर मीटरला जवळपास एकोणतीस मीटर चढ. डांबरी घाट एवढा उभा नसतो, पण गडाची पाऊलवाट, खिंडीतली चढण, देवळाच्या पायऱ्या यांना हे लागू पडतं. तिथे गुडघ्यावर हात टेकून लांब ढांगा टाकणारा डोंगरी धावपटू शहाणपणाने वागत असतो. डांबरी घाटातही नवख्याने एका वळणापर्यंत धावावं आणि पुढच्या वळणापर्यंत चालावं. महिन्या-दोन महिन्यांत चालण्याचे टप्पे आपोआप आखूड होत जातात.

आता उतार. डोंगरातल्या धावण्यातला सर्वांत कमी समजलेला आणि सर्वांत जास्त दुखापती करणारा भाग हाच.

चढताना धाप लागते म्हणून माणूस सावध असतो. उतरताना श्वास मोकळा असतो, वारा अंगावर येतो, पाय आपसूक सुटतात, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. कारण असं : चढताना मांडीचा स्नायू आखडत जाऊन जोर लावतो. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघा किंचित वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन झेलतो. ताणलं जाता जाता जोर लावायचा, या प्रकारच्या कामात स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते. तिची दुरुस्ती चालू असताना सूज आणि ठसठस येते. ती लगेच जाणवत नाही, एक ते तीन दिवसांनी टिपेला पोचते. म्हणून रविवारी सकाळी घाट उतरलेला माणूस त्या संध्याकाळी मजेत असतो आणि मंगळवारी लंगडतो.

जमिनीचा धक्काही वाढतो. क्रॅम यांनीच जिंजर गॉटशाल यांच्यासोबत २००५ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत ९ अंशांच्या उतारावर पाऊल टेकतानाचा धक्का सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी जास्त भरला, आणि शरीराला मागे ओढणारा ब्रेकचा जोर ७३ टक्क्यांनी. तेवढ्याच चढावर मात्र टेकण्याचा हा धक्का जवळपास नाहीसाच झाला. गुडघा आणि नडगी यांची काळजी असणाऱ्याला चढ सोयीचा आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. चढाचा भार पोटऱ्यांवर आणि टाचेच्या वरच्या जाड शिरेवर पडतो. तिथे सकाळी उठल्यावर ताठरपणा वाटू लागला तर तेवढे दिवस चढ कमी करून सपाट वाट धरावी. दुखणं कुठे आहे यावरून चढाचं झालं की उताराचं, हे बरंचसं सांगता येतं.

उताराच्या दुखण्यात एक सुखद गोष्ट दडलेली आहे. एकदा उतारावर धावून मांड्या दुखल्या की स्नायू स्वतःला असे बांधून घेतात की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने फारच थोडी इजा होते. हे संरक्षण साधारण तीन ते सहा आठवडे टिकतं असं प्रयोगांतून दिसलेलं आहे. पहिला डोस मोठा असायची गरजही नसते. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटांचा मध्यम उतार, आखूड आणि झपझप पावलांनी, गुडघा किंचित वाकलेला ठेवून, नजर पायाशी न ठेवता चार-पाच पावलं पुढे ठेवून उतरलात, तर हे कवच वर्षभर जागं राहतं. दोन महिने उतार टाळला आणि मग एकदम स्पर्धेत घाटभर सुसाट उतरलं, की आठवडा वाया जातो. सातारच्या अर्ध्या मॅरेथॉनला शहरातल्या मैदानांवर सराव करून आलेल्या धावपटूंना परतीच्या उतारावर पेटके येतात, त्याचं एक मोठं कारण हेच. दम भरपूर असतो. मांड्यांना उताराची ओळख नसते.

रोजच्या डोंगरधावेवर ज्याने एक अख्खी पिढी उभी केली, त्या आर्थर लिडियार्डची गोष्ट इथे सांगायला हवी. तो न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा. बुटांच्या कारखान्यात काम करायचा, आणि धावण्याचा प्रत्येक प्रयोग आधी स्वतःच्या पायांवर करून बघायचा. शहराच्या पश्चिमेला वाइटाकेरे नावाचे डोंगर आहेत. तिथून जाणारी २२ मैलांची, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरची चढउताराची वाट त्याने आपल्या पोरांसाठी रविवारची ठरवून टाकली. पोरं आसपासच्याच वस्त्यांतली. त्यांच्यातला पीटर स्नेल ८०० मीटर धावणारा, म्हणजे पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीचा माणूस, पण रविवारची डोंगरवाट त्यालाही चुकली नाही. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं आणि तासाभरातच मरे हालबर्गने ५००० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. याच गटातल्या बॅरी मगीने मॅरेथॉनमध्ये कांस्य मिळवलं.

लिडियार्ड आठवड्याचे मैल मोजायचा, हे खरं. पण त्या मैलांचा पाया सावकाश, बोलता येईल अशा जोरात धावण्याचा होता, आणि वेगाचं काम स्पर्धेच्या आधीच्या ठरावीक आठवड्यांत यायचं. ८०० मीटरच्या जगज्जेत्याला जर महिनोन्‌महिने सावकाश डोंगर धावण्याने फायदा होतो, तर १६०० मीटरच्या भरतीची तयारी करणाऱ्या पाटणच्या किंवा अकोल्याच्या पोराने रोज छाती फुटेस्तोवर पळायचं कारण काय? तालुक्यातालुक्यांतल्या अकादमींमध्ये हा विचार पोचायला हवा, असं मला मनापासून वाटतं. या पोरांच्या दाराशी जगातले धावपटू शोधत फिरतात तसे चढ आहेत.

महाराष्ट्राकडे स्वतःची उदाहरणंही आहेत. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळचं सावरपाडा हे आदिवासी भागातलं डोंगराळ गाव. तिथली कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत याच अंतरात रौप्य. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. दोघींचं बालपण रोज पायांनी अंतर कापण्यात गेलं. मात्र आजही गावाकडे पहाटे एकट्या मुलीने घाटरस्त्याला धावायला जाणं सोपं नाही. ज्या गावांत तिघी-चौघी मुली मिळून निघतात, एखादा काका किंवा शाळेतले सर सायकलवर मागे असतात, तिथे मुलींचा नेम टिकतो. मुली का टिकत नाहीत असं विचारणाऱ्यांनी आधी त्यांच्या सोबतीची व्यवस्था करावी.

सह्याद्रीची घडणही या नेमाला धार्जिणी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत हा प्रदेश तयार झाला. म्हणून आपले डोंगर पायरीपायरीने चढतात. एक उभा कडा, मग आडवी पट्टी, पुन्हा कडा, आणि माथ्यावर विस्तीर्ण सपाट सडा. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, कासचं पठार सुमारे १,२०० मीटरवर; एकदा घाट चढून गेलं की वर मैलोन्‌मैल लहान लाटांसारखी वाट. युरोपातल्या उंच पर्वतांत असं सुख सहसा नाही, तिथे चढ संपतच नाही. आपल्याला एकाच सकाळी चढ, सपाटी आणि उतार तिन्ही मिळतात. आठवडा आखताना याचा उपयोग करावा. एखाद्या दिवशी पायथ्याची गाडीवाट, एखाद्या दिवशी पूर्ण घाट, आणि एखाद्या दिवशी गाडीने किंवा एसटीने वर जाऊन फक्त सड्यावर धावायचं. घाट आठवड्यात दोनदा पुरे. रोज चढलात तर पोटऱ्या कुरकुरतात.

ऋतूंचं मात्र ऐकावं लागतं. हिवाळा हा खरा हंगाम. डिसेंबरच्या पहाटे थंड, जड हवा दरीत जाऊन बसते. घाट चढू लागलात की मध्येच अंगाला उबदार हवेचा पट्टा लागतो आणि वरच्या वळणावर गारठा खालच्यापेक्षा कमी वाटतो. म्हणून पायथ्याशी घातलेलं जाकीट कमरेला बांधता येईल असंच घ्यावं. होळीनंतर उन्हाचा जोर वाढतो. मार्च ते मे साडेपाचच्या आत निघून सातच्या आत परतावं, आणि गवताला लावलेल्या वणव्यांचा धूर दिसला तर त्या अंगाला जाऊच नये. जोरात श्वास घेणाऱ्याच्या छातीत धूर चालणाऱ्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त जातो. वळिवाच्या आणि परतीच्या पावसात वीज हा खरा धोका. सड्यावर उभं राहिलेलं सर्वांत उंच काही असेल तर ते तुम्हीच. गडगडाट ऐकू आला की माथा सोडायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. धावणं बुडालं तर बुडू द्यावं.

मग पावसाळा येतो, आणि बहुतेकांचा नेम जूनमध्येच वाहून जातो. खरं तर आषाढ-श्रावणातला घाट धावायला सुखाचा. हवा गार, धूळ नाही, कडेला ओढे वाहतात. अडचणी दोन. पहिली पायाखालची : जांभ्याच्या सड्यावर आणि सिमेंटच्या कडांवर शेवाळ धरतं, आणि त्यावर घसरण्याला कुठलाही बूट पुरता उपाय नाही. पावसाळ्यात सडा सोडून द्यावा, खडबडीत डांबरी रस्ता धरावा, उतारावर वेग अर्धा करावा. दुसरी अडचण ओल्या बुटांची. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले आणि तासाभराने एकदा बदलले तर बूट दुसऱ्या सकाळपर्यंत बरेच सुकतात. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरणं परवडत असेल तर उत्तमच. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या नाहीत तर चिखल्या होतात, आणि चिखल्यांनी मोडलेले नेम मी गुडघ्यांनी मोडलेल्या नेमांहून जास्त पाहिले आहेत. धुकं दाट असेल तर घाट टाळावा. चालकाला दहा पावलांपलीकडचं दिसत नसतं, अंगावरचा भडक सदराही त्यात बुडून जातो.

वाहनांचं एवढंच : आपल्याकडे गाड्या डावीकडून जातात, म्हणून धावताना उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून धावायचं. पण घाटात उजवीकडे वळणाऱ्या आंधळ्या वळणावर आतली कड धरली तर गाडी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. अशा वळणाच्या आधी मागे-पुढे बघून बाहेरच्या कडेला जायचं आणि वळण संपलं की परत यायचं. कानात गाणी लावून घाट धावू नये. सप्टेंबरात कासची फुलं बघायला येणाऱ्यांची गर्दी उसळते, तेव्हा शनिवार-रविवार तो रस्ता सोडलेला बरा. धनगरवाड्याची कुत्री कळपाच्या राखणीसाठी असतात. ती धावून आली तर पळू नका, चालू लागा, आणि मेंढपाळाला हाक द्या. त्याच्याशी एकदा ओळख झाली की कुत्र्यांचीही होते. फुरसं हा विषारी साप मातकट रंगाचा असतो आणि दगडांत बेमालूम मिसळून जातो. अंधारात पाऊलवाटेवर बॅटरीशिवाय पाय टाकू नका आणि टेकायला म्हणून दगडावर हात ठेवू नका.

इतकं सांभाळूनही नेम मोडतोच. भातलावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून आलेल्या माणसाने पहाटे घाट धावावा, असं कुणी म्हणू नये. त्या दिवसांत शरीराने दुसरं मोठं काम केलेलं असतं. सुगी, आजारपण, घरातलं बाळंतपण, परीक्षा, बदली ही सगळी मोडण्याची साधी माणसाची कारणं आहेत. अशा वेळी पूर्ण थांबण्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस वीस-वीस मिनिटं जरी राखता आली, तरी पुष्कळ फरक पडतो. पूर्ण विश्रांतीत दमसास दोन-तीन आठवड्यांतच ओसरू लागतो. थोडंसं जरी चालू ठेवलं तरी तो बराच काळ तग धरतो.

आणि महिनाभर सगळंच सुटलं असेल, तर परत येताना क्रम लक्षात ठेवा. दम लवकर परततो, मांड्यांचं उताराचं कवच मात्र तोवर पातळ झालेलं असतं, आणि स्नायुबंध व हाडं सर्वांत सावकाश सावरतात. दम आला म्हणून पाय तयार झाले असं धरू नका. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं, पायथ्याच्या वाटेने, बोलता येईल अशा जोरात. दुसऱ्या आठवड्यात घाटाची पहिली दोन-तीन वळणं, धावत-चालत. खाली येताना पूर्ण चालत या. तिसऱ्या आठवड्यात शेवटचा, सर्वांत सौम्य उतार तेवढा धावत उतरा, आणि दोन दिवस मांड्या काय म्हणतात ते पाहून मगच वरच्या वळणांना हात घाला.